अणूची उतरंड

शमीम,

तुझ्या शोकसभेत स्टेजवर उतरंड रचली होती. पाच मडकी, प्रत्येकाला हळदी-कुंकवाची बोटं, वर नारळ, बाजूला तुझा फोटो आणि फोटोला झेंडूचा हार. लग्नघर समजून कुणी अक्षता टाकल्या असत्या तरी चाललं असतं. ज्या मोठ्या सरांनी उन्हाळ्यात हीच मडकी शिपायाला सांगून शाळेच्या संडासामागे टाकायला लावली, तेच माइक धरून म्हणत होते, "शमीमबाईंनी खेळातून विज्ञान शिकवलं. अशी उपक्रमशील शिक्षिका पुन्हा होणे नाही." होणे नाही म्हणे! होती तेव्हा काय दिवे लावलेत?

हे मी तिथेच उठून विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं. कारण त्या सभेतली सगळ्यांत मोठी अपराधी तिसऱ्या रांगेत पंख्याखाली बसली होती, आणि ती मी होते.

शाळा तुझ्यावर स्मरणिका काढणार आहे. मला म्हणाले, "वंदनामॅडम, तुम्ही त्यांच्या बी.एड.पासूनच्या मैत्रीण, लातूरला ज्युनिअर कॉलेजवर केमिस्ट्री शिकवता, तुम्ही दोन पानं द्या. जन्म, शिक्षण, नोकरी, स्वभाव." ते त्यांनी तुझ्या सेवापुस्तकातून उतरवून घ्यावं. मला तुझ्याशी भांडायचंय. छापायचं तर हे छापा म्हणावं, नाहीतर कोरी पानं सोडा.

भांडण सरळ आहे. तू गेलीस आणि तुझ्या हातचं एक पत्र शाळेच्या फायलीत मागे राहिलं. त्यात तू लिहिलंयस की इयत्ता नववीला मी अणूची रचना चुकीची शिकवली. खाली तुझी ती वळणदार सही. उद्या कुणाला वाटलं की शमीमबाई कशा शिकवायच्या ते बघावं, तर कागद एवढंच सांगणार. आणि ते पत्र खोटं आहे हे कागदावर सांगू शकेल असं माणूस एकच आहे. ते माणूस आठ महिने मूग गिळून बसलं होतं.

नांदेडला हॉस्टेलात आपली खोली एक. तू उदगीरच्या बांगड्यांच्या दुकानातली, मी शिरूर अनंतपाळच्या सोयाबीन-तुरीच्या घरातली. सराव पाठात कुणाला अणू आला की आम्ही सगळ्या बाजारात पळायचो. लहान-मोठ्या बांगड्या एकात एक ठेवायच्या, मधोमध टिकली, बांगडीवर एकेक मणी, झाला अणू. तुझ्या घरी बांगड्यांचा ढीग, आणि तूच तेवढी बांगडी वर्गात न्यायला तयार नव्हतीस. माझी बांगड्या चिकटवलेली पाटी बघून कपाळाला हात लावलास.

"वंदे, तुह्या वर्तुळात हा इलेक्ट्रॉन फिरून कशाला राहिला गं? माहूरच्या परिक्रमेला निघालाय का नवस बोलून?"

"पुस्तकात तसंच आहे."

"पुस्तकातच पुढं लिहिलंय ना, असा फिरला तर ऊर्जा सांडत सांडत मधात जाऊन पडंल म्हणून. मग पडत का न्हाई? पोरानं विचारलं तर काय सांगशील?"

"पोरं विचारत नाहीत," मी म्हणाले. आणि खरं सांगते, तेव्हा मला ते मोठ्या शहाणपणाचं उत्तर वाटलं होतं.

मग तू माझ्या भावाच्या लग्नाला आमच्या गावी आलीस. बोहल्याच्या कोपऱ्यांना कुंभाराने उतरंडी मांडल्या होत्या. खाली रांजण, त्यावर घागर, घागरीवर मडकं, मडक्यावर गाडगं, गाडग्यावर बोळकं. जन्मापासून बघितलेली गोष्ट, आम्हाला त्यात काय नवल? तू मात्र जेवणाचं ताट हातात धरून तिथेच उभी राहिलीस. भाजीचा रस ओघळून मनगटावर आला तरी तुला पत्ता नाही.

"वंदे, हे बघ. हायड्रोजन."

आमची माय मागून पंगतीला वाढत चालली होती. ती थांबली. "कोण गं? नवरदेवाकडचा हाय का? जेवला का त्यो?"

आपण दोघी इतक्या हसलो की मामींनी येऊन दटावलं. पण तू बरोबर होतीस, शमे. जमिनीवरून रांजणाच्या तोंडापर्यंत चढायचं तर केवढी मोठी चढण. त्यावर घागरीची लहान, मडक्याची आणखी लहान, बोळक्यापर्यंत पोचेतो नुसती टिचभर. हायड्रोजनमधल्या ऊर्जेच्या पायऱ्या अशाच असतात, वर जाल तशा जवळजवळ येत गेलेल्या. आणि मुंगी मडक्याच्या पोटाशी थांबेल, इलेक्ट्रॉन नाही थांबणार. तो या तोंडावर नाहीतर त्या तोंडावर. हे मी एम.एस्सी.ला तीन पेपरांत लिहून आले होते आणि माझ्या घरच्या लग्नात मला दिसलं नव्हतं.

उदगीरला नोकरी लागल्यावर त्या उतरंडीचा तू खेळ केलास. मैदानावर फक्कीच्या रेघा. पहिली आणि दुसरी रेघ यांत दहा पावलं, दुसरी-तिसरीत दोन, त्याच्या पुढे अर्धंच पाऊल. एक पोर पहिल्या रेघेवर उभं, ते इलेक्ट्रॉन. बाकीच्यांकडे चिंचोके, ते उजेडाचे दाणे. दहा चिंचोके एकाच मुठीत आले तर दुसऱ्या रेघेवर जायचं. नऊ आले तर जागचं हलायचं नाही. अकरा आले तरीही नाही. दोन रेघांच्या मध्ये पाय पडला की बाद. खाली उतरताना तेवढेच चिंचोके फेकून द्यायचे आणि रंगाचं नाव ओरडायचं. तिसरीवरून दुसरीवर आलं की "लाल!" चौथीवरून दुसरीवर आलं की "मोरपंखी!" आणि पार पहिल्या रेघेवर उडी पडली की कुणी ओरडायचं नाही, सगळ्यांनी डोळ्यांवर हात ठेवायचे, कारण तो उजेड आपल्याला दिसतच नाही. मोरपंखी हा शब्द तुझाच. पुस्तकात हिरवट-निळा असं काहीतरी मिळमिळीत लिहिलेलं असतं. तू अब्बांच्या दुकानातल्या बांगड्यांचा रंग उचललास.

खेळ झाला की अब्बांच्याच दुकानातून आणलेल्या, बांगड्या भरून येतात त्या पुठ्ठ्याच्या नळ्या. एका तोंडाला ब्लेडने पाडलेली चीर, दुसऱ्या बाजूला सीडीचा तुकडा तिरका बसवलेला. त्यातून सूर्याकडे बघायचं नाही अशी तंबी तू दहादा द्यायचीस, आणि दिव्याकडे बघायला लावायचीस. साध्या बल्बचा पट्टा सलग. ट्यूबलाइटचा बघितला की मध्ये वेगळ्या चकाकणाऱ्या रेघा. स्पिरिटच्या दिव्यात मीठ टाकलं की पिवळी रेघ. पोरं किंचाळायची. "बाई, उड्या दिसून राहिल्यात!" एकदा तुझ्याकडे आले होते, त्या दिवशी मी वर्गाच्या दारात उभी होते. उड्या दिसताहेत, असं आजवर माझ्या एकाही विद्यार्थ्याने म्हटलेलं नाही, आणि माझे विद्यार्थी मोठमोठ्या कॉलेजांत गेलेले आहेत.

तू मलाही सोडलं नाहीस. साडीचा पदर खोचायला लावून पहिल्या रेघेवर उभी केलीस. पोरांनी माझ्या हातात नऊ चिंचोके ठेवले. मी म्हणाले, "चल गं, नऊवर घे. एकाने काय होतंय?"

"न्हाई. दहाच."

"मैत्रीण आहे मी तुझी."

"अणूत वशिला चालत न्हाई, मॅडम," तू म्हणालीस आणि सगळं मैदान हसलं. मी आपली रेघेवर उभी, ऊन डोक्यावर, हातात नऊ चिंचोके. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा नीट प्रकाश पडला की या विश्वाच्या तळाशी थोडंसं असं काही नसतंच. ते मला तू शिकवलंस, आणि त्याबद्दल मी कधी नीट बोललेही नाही. जाताना एवढंच म्हणाले, "छान घेतेस गं उपक्रम." उपक्रम! मोठ्या सरांचाच शब्द माझ्याही तोंडात होता.

आणि लगेच, शाळेच्या पायऱ्यांवर, मी भांडण काढलं. कारण माझं सगळं आयुष्य पेपर बघण्यात गेलेलं. मी विचारलं, "पेपरात काय लिहितील ही?"

"कळलं ते लिहितील."

"वर्तुळ काढलं नाही तर शून्य मिळेल. एक वाक्य सांग ना त्यांना. खेळ खेळा, पण पेपरात वर्तुळ काढा."

"म्हंजे कळलेलं गिळून टाका आन् न कळलेलं लिहा. हेच ना?"

"तुझ्या हट्टापायी पोरांचं नुकसान होतंय."

"तुह्या वर्तुळापायी कुणाचं झालं न्हाई का?" तू म्हणालीस. चांगली लागली मला. पंधरा दिवस फोन केला नाही. मग तूच केलास, गवारीच्या भाजीत काय घालायचं असलं काहीतरी विचारायला, जणू तुला माहीत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यातली ती प्रज्ञा परीक्षा. लातूरच्या एका संस्थेची, नववीच्या मुलांसाठी. मी पेपर तपासायला. प्रश्न होता, हायड्रोजनच्या अणूची आकृती काढा आणि त्याचा प्रकाश ठरावीक रंगांचाच का असतो ते लिहा. दुपारी चहानंतर शेजारच्या टेबलावरून हसण्याचा आवाज आला. एका परीक्षकाने पेपर वर धरला होता. त्यावर मडक्यांची उतरंड.

"अणूत चिंचोके! ऐका ऐका. 'नऊ चिंचोके असले तर तो जागचा हलत नाही. दहाच लागतात. म्हणून सगळे रंग येत नाहीत.'"

सगळे हसले, शमीम. मीही हसले. हे मला आधी सांगायचंय, सहीच्याही आधी. पुढचा पेपर निघाला, त्यातही उतरंड. मग तिसरा. उदगीरच्या एकाच केंद्रावरचे अकरा पेपर, अकरा उतरंडी, अकरांतही चिंचोके. हसणं थांबलं. मुख्य परीक्षक आले आणि म्हणाले, ही सामूहिक कॉपी आहे, कुठल्यातरी भिकार गाइडातून उतरवलेली. कारण अकरा जणांची एकच चूक आपोआप कशी होईल? अकरा जणांना एकच गोष्ट खरोखर कळलेली असू शकते, हे त्या खोलीत कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आमच्या धंद्यात तशी सवयच राहिलेली नाही.

माझ्या डोक्यात आलं होतं. मी तर त्या रेघेवर उभी राहून आले होते.

मुख्य परीक्षक माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही तिकडच्याच ना? या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना ओळखता का?"

नियम असा होता की, केंद्रावरचं कुणी ओळखीचं असेल तर परीक्षकाने तसं सांगून गठ्ठा परत करायचा आणि त्या वर्षी बाजूला व्हायचं. आणि पुढच्या वर्षी मुख्य परीक्षक मला करणार अशी कुजबुज होती. मी विचार केला असंही नाही. विचार करायला वेळ लागतो.

"नाही," मी म्हणाले. "ओळखत नाही."

अहवालावर तीन सह्या झाल्या. तिसरी माझी.

शाळेत तुझ्या नावाने नोटीस आली तेव्हा तुझा फोन आला. तू सांगत होतीस आणि मी म्हणत होते, "अगं बाई! असं कसं म्हणतात? कोण होते तपासायला?" हे विचारलं मी. माझ्या या तोंडाने विचारलं. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणालीस, "असतील कुणी. जाऊ दे."

चार दिवसांनी कळलं की तू माफी लिहून दिलीस. मग तर मी तुझ्यावर तुटूनच पडले. "माफी कशाला मागितलीस? तुला कणा आहे की नाही? लढायचं सोडून शरण गेलीस!" लातूरच्या माझ्या घरात, खिडकीपाशी, चहाचा कप हातात घेऊन मी तुला कण्याचं सांगत होते.

"तू लढशील का माह्याकडून?" तू विचारलंस.

"म्हणजे?" मी म्हणाले. लगेच तू हसलीस. "चेष्टा केली गं. आवाज कशाला बसला तुहा?"

शाळेने विज्ञान तुझ्याकडून काढून घेतलं. जूनपासून पाचवीचा कार्यानुभव. तुला, उजेडाचे दाणे मोजायला शिकवणाऱ्या बाईला, क्रेप कागदाची फुलं करायला बसवलं. तू फोनवर म्हणायचीस, बरं चाललंय, पोरं लहान आहेत, गोड आहेत. मला वाटायचं, सांगून टाकावं. या रविवारी सांगू, दिवाळीत भेटली की तोंडावर सांगू. मग तुला ताप आला, नांदेडला नेलं, आणि सहाव्या दिवशी तुझ्या भाभीचा फोन आला. दिवाळीची वाट बघायची तुला काय हौस नव्हती. तुझं नेहमीचंच होतं, गाडी फलाटावर लागायच्या आधी तुझी पिशवी खांद्याला.

रागच आहे मला. लोक म्हणतात रडा, मोकळ्या व्हा. मला रडायचं नाही, मला तुझ्या दोन्ही खांद्यांना धरून हलवायचंय. त्याचं कारण आता सांगते.

शोकसभा संपल्यावर मी तुझ्या घरी गेले. अब्बा दुकानातच बसले होते, तुझ्या फोटोकडे पाठ करून. मला बघितल्यावर त्यांनी गल्ल्याखालून एक प्लॅस्टिकची फाईल काढली.

"बेटा, हे तिचे कागद. मला उर्दू येती वाचाया, मराठी वाचता येत न्हाई. लोक म्हणून राहिलेत पोरगी गलत शिकवत होती. तिला विचारलं तर हसायची नुसती. तू वाच. काय लिहिलंय ते मला बराबर सांग."

वर नोटीस. नोटिशीला परीक्षकांच्या अहवालाची झेरॉक्स जोडलेली. खाली तीन सह्या, आणि तिसरीच्या खाली कंसात माझं पूर्ण नाव, ठळक. नोटिशीची तारीख तुझ्या त्या पहिल्या फोनच्या आदल्या दिवसाची.

म्हणजे मी "कोण होते तपासायला" असं साळसूदपणे विचारत होते तेव्हा हा कागद तुझ्यासमोर होता! तुला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि आठ महिने तू मला भाज्या विचारल्यास, माझ्या मायचा गुडघा विचारलास, माझा बसलेला आवाज विचारलास. कशासाठी? मला मोठेपणा दाखवायला? अगं, शिव्या घालायच्या होत्यास. लातूरला येऊन माझ्या कॉलेजच्या गेटवर माझं नाव घेऊन ओरडायचं होतंस. आपण भांडलो असतो, मी रडले असते, तू दोन महिने अबोला धरला असतास, आणि मग सगळं नीट झालं असतं. ते भांडण माझ्या हक्काचं होतं. ते तू मला करू दिलं नाहीस. माफ केलंस की नाही तेही सांगितलं नाहीस. हे असं कुणी वागतं का मैत्रिणीशी? मला माहीत आहे हे विचारायचा मला अधिकार नाही. तरी विचारते.

अहवालाखाली तुझं पत्र होतं. अब्बा वाट बघत होते म्हणून मी मोठ्याने वाचलं. "विद्यार्थ्यांनी कॉपी केलेली नाही. मीच त्यांना अणूची रचना चुकीची शिकवली. परीक्षेत वर्तुळाची आकृती काढावी हेही मी सांगितले नाही. दोष सर्वस्वी माझा आहे. विद्यार्थ्यांवर कोणतीही कारवाई करू नये."

"म्हंजे खरंच गलत शिकवलं तिनं?" अब्बांनी विचारलं.

"नाही, अब्बा. बरोबर शिकवलं."

"मग असं का लिहिलं?"

"पोरांना वाचवायला."

त्यांनी फाईल परत घेतली, झटकली, पुन्हा गल्ल्याखाली ठेवली. "आन् त्या वरच्या कागदावर काय हाय?" मी म्हणाले, "नोटीस आहे." नाव वाचून दाखवलं नाही. माझी हिंमत तिथेही एवढीच. आता हे छापून आलं की कुणीतरी त्यांना वाचून दाखवेलच. तेव्हा दुकानात यायला मला तोंड राहणार नाही, पण मी येणार आहे.

तर, मी त्या संस्थेच्या ऑफिसात गेले. अर्ज दिला की ती कॉपी नव्हती, उत्तर बरोबर होतं, शिक्षिकेचं माफीपत्र रद्द समजावं आणि तसं शाळेला लेखी कळवावं. तिथला क्लार्क चष्म्यावरून बघत म्हणाला, "मॅडम, ज्यांचं प्रकरण त्याच राहिल्या नाहीत. आता कशाला उकरून काढता?" मी टेबलावर हात आपटला. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या ऑफिसात हात आपटला. मग तो म्हणाला, ठीक आहे, अकरांपैकी एका तरी विद्यार्थ्याचा लेखी जबाब जोडा, पालकांच्या सहीनिशी, आणि तुमचाही स्वतःचा.

म्हणून मी कोमलकडे गेले. 'नऊ चिंचोके असले तर तो जागचा हलत नाही' हे वाक्य तिचं. आता दहावीत आहे, दोन वेण्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यात बघते. तिची आई पापड लाटत होती. तिनेही ऐकलं, पण लाटणं थांबवलं नाही. मी कोमलला म्हणाले, तुम्हाला बाईंनी उतरंड शिकवली आणि वर्तुळाचं सांगितलं नव्हतं, एवढं लिहून दे.

"सांगितलं होतं की," कोमल म्हणाली.

"काय?"

"पेपराच्या आदल्या दिवशी बाई वर्गात आल्या. म्हणल्या, माही एक मैत्रीण हाय लातूरला, लई हुशार हाय. ती म्हणती पेपरात वर्तुळ काढा, न्हाईतर मार्क जातील. तिचं बराबर हाय. वर्तुळच काढा."

तू माझं ऐकलं होतंस. पायऱ्यांवरचं ते भांडण मी जिंकले होते आणि तू मला सांगितलंही नाहीस. आणि आठ महिने मी मनातल्या मनात स्वतःला हेच समजावत होते, की चूक तिचीही आहे, एक वाक्य सांगितलं असतं तर काही झालं नसतं.

"मग तुम्ही काढलं का नाही?"

"आम्ही वर्गातून बाहेर निघाल्यावर ठरवलं. रंग का ठरलेले असतात ते विचारलं, तर वर्तुळ काढून ते सांगताच येत न्हाई. पेपरात तेच आलं, मग ज्याच्यानं येतं ते काढलं. बाईला वाटलं आम्ही विसरलो." तिने वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "बाईनं पत्रात खोटं लिहिलं, हे आम्हाला नंतर कळलं. आमच्यापायी लिहिलं."

अकरा पोरं, शमे. बाईचं ऐकलं नाही, कारण बाईने शिकवलेलं ऐकलं. तुला हे सांगायला मी काय देईन!

मी कागद पुढे केला. कोमलने जबाब लिहिला, सरळ, एकही खाडाखोड न करता. मग विचारलं, "मॅडम, तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

आईचं लाटणं थांबलं.

मी सांगितलं. मी हसले ते, ओळखत नाही म्हणाले ते, सही केली ते. कोमलने माझा जबाब हातात घेतला आणि वाचला. मी त्यात लिहिलं होतं, 'उत्तर बरोबर आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. अनवधानाने माझ्याकडून सही झाली.'

"माहीत होतं तर अनवधान कसं?" ती म्हणाली. "सही का केली ते लिहा. मग मी माही सही करते."

मी तिच्या दारात बसून लिहिलं. परीक्षकाची जागा जाईल आणि पुढच्या वर्षी मुख्य परीक्षकाची मिळणार नाही, म्हणून मी शमीमला ओळखत नाही असं सांगितलं. कागद तिच्या हातात दिला. तिने वाचला, शेवटची ओळ पुन्हा वाचली, कागद उलटून मागे काही आहे का ते बघितलं.

"एवढंच?"

हो, शमीम. एवढंच होतं.